एका फुटाला एक इंच

अळू आणायला म्हणून मी मंडईत गेलो होतो. काम एवढंच होतं. आम्ही वारज्याला फ्लॅट घेतल्यापासून भाजी दारात मिळायला लागली, पण माझ्या मुलीला, आम्रपालीला, अळू मंडईतलंच लागतं. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सकाळी कंपनीची बस तिला नेते आणि दिवे लागल्यावर आणून सोडते. मधला सगळा दिवस घरात मी एकटा. सत्तरी ओलांडलेला, धातुशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. आतल्या खोलीत एक टेबल आहे, त्यावर मी जुन्या गाड्यांच्या लहान प्रतिकृती बनवतो. खेळणी नव्हेत, मापात केलेल्या. एका फुटाला एक इंच.

मंडईच्या मागच्या गल्लीत मंदाकिनीबाई वाईकर राहतात. पूर्वी आमच्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेल्याचं कानावर आलं होतं. इतक्या जवळ येऊन न भेटता जाणं बरं दिसेना, म्हणून जिना चढलो. चहा झाला. हल्ली मी काय करतो ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या बराच वेळ बशीच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या.

"सर, तोफ कराल का माझ्यासाठी?"

तोफ म्हणजे त्यांच्या यजमानांची गाडी. श्यामसुंदर वाईकरांनी ती पंचवीसेक वर्षांपूर्वी खडकीच्या एका शेडमध्ये बांधली होती. इंजिन लष्कराच्या भंगारातलं, सांगाडा स्वतः जोडलेल्या नळ्यांचा. शर्यत अगदी साधी असायची. दोन गाड्या, सरळ पाव मैल, वळण नाही, जी आधी पोचेल ती जिंकली. ड्रॅग रेस म्हणतात तिला. पुढे सायकलसारखी दोन बारीक चाकं, मध्ये उघडं इंजिन, आणि पार मागे, जाड चाकांच्या मध्ये, पाय लांब करून बसलेला माणूस. माझं लहानपण खडकीच्या क्वार्टर्समध्ये गेलं, वडील दारूगोळा कारखान्यात होते. नंतर कधीतरी आईला भेटायला गेलो असताना तोफेचा आवाज मीही ऐकला होता. भांडी फळीवरून खाली आली होती. तसली गाडी अख्ख्या पुण्यात दुसरी नव्हती. शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर तिने काही हंगाम गाजवले, आणि तिथेच श्यामसुंदर गेले.

"दिसणार तर नाही मला," बाई म्हणाल्या, "पण बोटांना कळेल. बाकी जमेल तसं करा. पट्टा तेवढा नीट करा. तो मी शिवला होता."

चालकाला आसनाशी बांधून ठेवणारा पट्टा. पॅराशूटची जाड नाडी श्यामसुंदरांनी खडकीच्या लिलावातून आणली होती. मशीनच्या सुया मोडायला लागल्या, तेव्हा बाईंनी दाभण घेतलं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवला. शेवटच्या शर्यतीत गाडी धावपट्टी संपल्यावरही थांबली नाही आणि उलटली. पट्टा तुटला, श्यामसुंदर बाहेर फेकले गेले, जागच्या जागी संपले. बाईंच्या धाकट्या दिरांनी, अवधूतरावांनी, घरी येऊन असं सांगितलं.

"माझी शिवण सुटली, सर," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, ग्रंथालयात पुस्तक उशिरा आल्याचं सांगताना असायचा तसा. "तेव्हापासून मी साधं बटण लावलेलं नाही. एकदा बोटांनी बघायचंय, कुठे सुटली असेल."

मी हो म्हटलं. नाही म्हणता येण्यासारखं ते नव्हतं.

अवधूतरावांनी फोटो पाठवले. त्यांची आता मोटारींची मोठी शोरूम आहे. ड्रायव्हर पाकीट देऊन गेला. फोटो चांगले होते, मापं काढता येत होती. बोहरी आळीतून पितळी तार आणली. केमिस्टकडून इंजेक्शनच्या सुया घेतल्या, त्यांच्या इंधनाच्या नळ्या झाल्या. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली वाकवून धुराच्या नळ्या केल्या. चाकांच्या तारा बसवताना हात थरथरायचा, म्हणून मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून बसायचो. अडचण एकच होती. आसन एकाही फोटोत दिसत नव्हतं. सगळीकडे श्यामसुंदर त्यात बसलेले, हेल्मेट मांडीवर, हसत. प्रतिकृती करणाऱ्यांचा एक नियम असतो, जे दिसत नाही ते करू नये. पण बाईंची बोटं नेमकी तिथेच जाणार होती. मी अंदाजाने केलं.

आधी स्टिअरिंग निघालं. संध्याकाळी चिकटवलेलं, सकाळी बघतो तर आसनाच्या बाहेर, टेबलावर. मी परत चिकटवलं. परत निघालं. बाकी शेकडो जोड जागच्या जागी, हाच तेवढा टिकेना. काहीतरी मनात येऊन मी बाईंना फोन केला.

"स्टिअरिंग गोल होतं का हो?"

"गोल कुठलं? अर्धं होतं. वरचा भाग कापून टाकला होता त्यांनी. मी म्हटलंही, अहो, निम्मीच गाडी वळवणार का?"

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसून राहिलो. अर्धं करून बसवलं. काही दिवस ते टिकलं आणि मग तेही निघालं, पण तोवर माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. आसनाच्या कुशीला मी जो पत्रा लावला होता तो एका दुपारी गळून पडला. या वेळी अवधूतरावांना विचारलं. ते म्हणाले, बहुतेक दादा शर्यतीआधी तो काढूनच ठेवायचा, वजनासाठी.

म्हणजे जे चुकीचं आहे ते टिकत नाही.

हे वाक्य माझ्या मनात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मी कोण आहे हे तुम्हांला कळायला हवं. आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला गेली कित्येक वर्षं अंधश्रद्धेवर भाषण मीच करतो. मला भूत दाखवा, मी माझी पीएच.डी. परत करतो, असं मी म्हटलेलं आहे आणि लोकांनी टाळ्या वाजवलेल्या आहेत. आम्रपाली लहानपणी पहिल्या रांगेत बसून ते ऐकायची. आणि आता मी एका हातभर गाडीला प्रश्न विचारत होतो.

मग मी पट्टा केला. काळी रेशमी फीत, पितळी तारेचं एवढंसं बक्कल. खांद्यावरून दोन, कमरेवरून दोन, टोकं आसनाखाली नेऊन चिकटवलेली. दुसऱ्या दिवशी जेवण करून आत गेलो तर पट्टा सुटून बाजूला लोंबत होता.

धातू का मोडतो हे शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. मी भिंग घेतलं. ओढून तुटलेल्या फितीचे धागे विस्कटतात. इथे धागे नीट होते. गोंद उकलला नव्हता. बक्कल उघडलं होतं. कोणीतरी उघडावं तसं. त्याच गोंदाने दोन फालतू तुकडे जोडून मी त्यांना खलबत्त्यातला बत्ता टांगला. तो दिवसभर लटकत राहिला. पट्टा पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. नेहमी दुपारीच. खाली सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर कबुतरं घुमत असायची, वीज गेलेली असायची, आणि आतल्या खोलीतून वास यायचा. आधी मला ओळखू येईना. मग कळलं, एरंडेल. पूर्वी शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालत. हे जळकं एरंडेल होतं, आणि त्याच्या मागे आणखी एक वास होता, त्याचं नाव मला घ्यायचं नव्हतं.

"पप्पा, काय करपवलंत?" आम्रपालीने एकदा दारातूनच विचारलं.

"दूध उतू गेलं."

"दूध? मला वाटलं टायर शिजवलात." ती आत येऊन माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही बरे आहात ना? त्या गोंदाच्या वासाने डोकं दुखत असेल तर बंद करा हे सगळं. खिडकी तरी उघडत जा."

मी ठीक आहे म्हटलं. मला आणखी एक शंका होती आणि ती भुतापेक्षा वाईट होती. पट्टा मीच सोडत असेन. दुपारी झोपेतून उठून, नकळत. माझे वडील शेवटी शेवटी कपाटातले कपडे काढून पुन्हा लावत बसायचे. हे मी कोणाला सांगणार? म्हणून मी एक केलं. त्या खोलीत जाण्याआधी दारावर टकटक करायला लागलो. स्वतःच्या घरात, रिकाम्या खोलीच्या दारावर. आत कोणी असेल तर... म्हणजे नसणारच, पण मला ते बघायला नको होतं.

शेवटी पट्ट्याशिवायच गाडी खोक्यात घातली आणि मंडईला घेऊन गेलो.

बाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि गाडीवर ठेवले. पुढच्या चाकांपासून सुरुवात केली. तारा, इंजिन, वाकवलेल्या नळ्या. चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. मग बोटं मागे आली, आसनात उतरली आणि थांबली.

"पट्टा?"

खरं काय ते सांगायची ती वेळ होती. मी पट्टा बसवतो आणि तो सुटतो, का ते मला कळत नाही, मला भीती वाटते. एवढं सांगायचं होतं. ते न सांगता मी घसा साफ केला आणि वर्गात बोलायचो त्या आवाजात म्हणालो, "बाई, फोटोंचा मी बारकाईने अभ्यास केला. त्या दिवशी गाडीत पट्टा नव्हताच. असणं शक्य नाही."

"नव्हताच?"

"नाही. वजन वाचवायला काढला असणार. पत्रा काढला, तसा पट्टाही."

"म्हणजे माझी शिवण..."

"तुमच्या शिवणीचा प्रश्नच येत नाही."

बाईंनी रिकाम्या आसनात पुन्हा बोट फिरवलं. मग हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "हट्टी मेला," त्या म्हणाल्या. "रात्र रात्र बसून शिवला मी, आणि हा काढून ठेवतो." त्यांनी माझा हात धरून कपाळाला लावला. मी तो सोडवून घेतला नाही. एका बाईच्या मनावरचं ओझं मी उतरवलं होतं, असं बसमध्ये मी स्वतःला सांगत होतो. वारज्याला उतरेपर्यंत ते मला पटलंही होतं.

अवधूतराव दोन दिवसांनी आले. दुपारीच आले, फोन न करता. साठीचे, सफारीतले, घामाघूम. सोफ्यावर बसले आणि भिंतीवरचा माझ्या पदवीदानाचा फोटो बघत राहिले.

"वहिनी खूश आहे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला फोनवर जोक सांगितला तिने. थँक्यू म्हणायला आलो असं समजा."

"आनंद आहे."

"तुम्हांला कुठल्या फोटोत दिसलं, पट्टा नाही ते?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"नाही, मला पण दाखवा. मीच काढलेत ना ते फोटो. दिसायला हवं मला."

"तसं प्रत्यक्ष दिसत नाही," मी म्हटलं. "अनुमान आहे."

"अनुमान. वा." त्यांनी रुमालाने मान पुसली. "आपण डॉक्टर आहात, आपलं अनुमान पण डॉक्टरच असणार. पट्टा होता, सर. मीच आवळून बांधला होता. शिवणीचा एक टाका उसवला नव्हता. कापावा लागला. नंतर."

"नंतर म्हणजे?"

"मेथॅनॉल माहीत असेल तुम्हांला. इंधन तेच होतं."

मला माहीत होतं. मेथॅनॉल जळताना उजेडात जाळ दिसत नाही. धूरही नाही. मी ते मुलांना शिकवलेलं होतं.

"गाडी उलटली नाही," अवधूतराव अगदी हळू बोलत होते. "धावपट्टीच्या टोकाला सरळ उभी राहिली. भर उन्हात. आम्ही जिंकलो होतो. दादा आत बसून हात हलवत होता... दोन्ही हात, असे. आम्हांला वाटलं, खूश आहे. लोक हात हलवायला लागले." ते थांबले. "मी पण हलवला."

स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं.

"वहिनीला काय सांगणार? म्हणालो, पट्टा तुटला, फेकला गेला, कळलंसुद्धा नाही त्याला. अंगावरचं कापड वर करू दिलं नाही तिला. मला काय माहीत ती शिवणीचं मनाला लावून घेईल. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. खरं सांगावं तर... तुझी शिवण इतकी पक्की होती वहिनी, की... हे कसं सांगतात, तुम्ही सांगा."

 ते उठले. दारात बूट घालताना म्हणाले, "तुम्ही म्हणालात ते असू दे. बरं आहे ते. फक्त मला तो फोटो सापडत नाही म्हणून आलो होतो."

ते गेल्यावर मी आतल्या खोलीत गेलो. या वेळी टकटक करायचंही सुचलं नाही. टेबल रिकामं होतं. जे जे निघालं होतं ते एका बशीत तसंच पडलं होतं. स्टिअरिंग. कुशीचा पत्रा. पट्टा. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. गाडीत काय चुकलं ते हे तुकडे सांगत नव्हते. आसनात अडकलेला माणूस बाहेर पडायला लागला तर त्याला आधी काय दूर करावं लागेल, आणि मग काय...

दुसऱ्या दिवशी मी मंडईला गेलो. खिशात बारीक कात्री आणि चिमटा होता. बाईंना काय सांगायचं ते ठरत नव्हतं. खरं सांगावं तर त्यांची शिवण पुन्हा त्यांच्या गळ्यात पडत होती, आणि पहिल्यापेक्षा वाईट रीतीने. गाडी दुरुस्तीच्या निमित्ताने परत न्यावी, इतकंच मनाशी होतं. पुढचं पुढे.

दार उघडलं तेव्हा बाईंनी नवी साडी नेसलेली होती. घरात उकडत होतं. बाहेरच्यापेक्षा जास्त. आणि एरंडेलाचा तो वास.

"या सर. बरं झालं आलात. एक गंमत दाखवायची आहे." त्या भिंतीला हात लावत टेबलापाशी गेल्या. गाडी खिडकीजवळच्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालावर ठेवलेली होती. "ओळखा बघू."

मी वाकलो. आसनात पट्टा होता.

"काल शिवला," बाई म्हणाल्या. "शेजारणीकडून सुई ओवून घेतली, बाकी सगळं माझ्या हाताने. तुम्ही म्हणालात ना, तेव्हा नव्हता. मग मनात आलं, तेव्हा नव्हता तर आता तरी असू दे. बक्कल वगैरे काही ठेवलं नाही. सरळ आसनाच्या कापडालाच शिवून टाकला, दुहेरी टाका घालून. बरोबर बसलाय का?"

खिडकीतून ऊन थेट गाडीवर पडत होतं. रिकाम्या आसनावर फीत सैल पडायला हवी, खोलगट. ही तशी पडली नव्हती. ती वर उचललेली होती, गोलाई घेऊन. खाली छाती असावी तशी ताणलेली. खांद्यावरच्या दोन्ही पट्ट्यांना पीळ पडला होता. मी चिमट्याचं टोक हळूच त्यावर टेकवलं आणि दाबलं. फीत दबली नाही. खालून काहीतरी वर रेटत होतं. क्षणभर ढिलं पडायचं, पुन्हा रेटायचं. चिमटा माझ्या हातात तापला.

"घट्ट आहे ना?" बाईंनी विचारलं.

कात्री माझ्या खिशात होती. दोन टाके, फार तर तीन. त्यांना दिसलंही नसतं. पण हाताला कळलं असतं, आज ना उद्या, आणि पुन्हा एकदा शिवण सुटली असती. आणि कापल्यावर जे मोकळं झालं असतं ते या खोलीत मोकळं झालं असतं, आंधळ्या बाईच्या घरात. हे मी तेव्हा तिथे इतकं नीट मांडलं नव्हतं. नंतर मांडलं. तेव्हा मला फक्त इथून बाहेर पडायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "घट्ट आहे."

"बघा. या खेपेला नाही सुटणार." त्यांनी बोटाचं टोक शिवणीवरून फिरवलं, लहान मुलाच्या भांगावरून फिरवावं तसं.

चहा नको म्हणालो. आम्रपालीचं काहीतरी काम सांगितलं, खोटंच. चपला घालायला वाकलो तेव्हा पाठीमागे बाईंच्या पावलांचा आवाज आला. मला वाटलं, त्या दार लावायला येताहेत. मी वळून बघितलं. त्या टेबलामागच्या भिंतीपाशी गेल्या होत्या, दाराकडे पाठ करून. भिंत चाचपत त्यांनी पंख्याचं बटण शोधलं आणि शेवटपर्यंत फिरवलं.

मग टेबलावरच्या गाडीकडे मान थोडी खाली करून, मला कधीच ऐकू आला नव्हता अशा मऊ आवाजात, त्यांनी विचारलं, "अहो, उकडतंय का तुम्हांला?"